स्विच चालू आहे, पण बोलत नाही

अजिंठ्याची लेणी अजिंठ्यात नाहीत. गावातल्या प्रत्येक चहावाल्याला हे ठाऊक असतं आणि पाठीला सॅक लावून एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला ते चहा संपेपर्यंत कळतं. अजिंठा गाव घाटावर, सिल्लोड तालुक्यात. लेणी घाटाखाली, वाघूर नदीच्या नालाकृती दरीत. तिकडे जायचं तर घाट उतरून फर्दापूरच्या टी-जंक्शनला यायचं, आणि फर्दापूर सोयगाव तालुक्यात. म्हणजे नाव एका गावाचं, उतरायचं दुसऱ्याच गावी. चहावाला ग्लास विसळत शांतपणे सांगतो, "आलात बराबर, पन ते हितं नाहीत."

कॉम्प्युटरची नेटवर्कं दुरुस्त करत फिरणाऱ्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. आमच्या धंद्यातल्या निम्म्या तक्रारींचा निकाल याच वाक्यात लागतो. वस्तू जागेवर असते, चालू असते, फक्त विचारणाऱ्याला ती सापडत नाही. आणि न सापडणारी वस्तू बंदच पडली आहे, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे.

याच गावातल्या एका शाळेतून तक्रार आली. एरवी तक्रार दोन शब्दांची असते: "नेट बंद." या वेळी शाळेचे लिपिक, म्हणजे भाऊसाहेब, फोनवर म्हणाले, "सर, नेट चालू हाये. सगळंच चालू हाये. पन स्विच लागंना." खात्री केली तर खरोखरच सगळं सुरळीत होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत पोरं अभ्यासाच्या नावाखाली क्रिकेट बघत होती, कॅमेरे रिकाम्या पटांगणाचं चित्रण करत होते आणि प्रिंटर नेहमीप्रमाणे भलत्याच खोलीत कागद टाकत होता. फक्त संस्थेच्या संभाजीनगरच्या कार्यालयातून स्विचशी बोलायला गेलं की तो उत्तर देत नव्हता.

स्विच म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण गावात स्विच म्हटलं की लोक भिंतीकडे बघतात. हा स्विच म्हणजे चोवीस भोकांचा चपटा लोखंडी डबा. सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा त्यात येतात आणि कुणाचा निरोप कोणत्या तारेवर सोडायचा ते तो ठरवतो. साधा स्विच एवढंच करतो आणि मरेपर्यंत तोंड उघडत नाही. मॅनेज्ड स्विच महाग मिळतो, कारण त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो, पासवर्ड असतो आणि विचारलं तर तो बोलतो. कोणत्या भोकात कोण आहे, कुणी किती डेटा ओढला, कोणती तार मध्यरात्री निसटली, सगळं सांगतो. गंमत अशी की त्याचं बोलणं आणि त्याचं काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोलणं बंद पडलं तरी काम चालूच राहतं. त्यामुळे एखादा स्विच महिनोन्‌महिने मुका असतो आणि कुणाला त्याची दाद नसते. मुकाट काम करणाऱ्याची विचारपूस होत नाही, हा नियम लोखंडी डब्यांपुरता नाही.

मी पोचलो तेव्हा निदानं तयार होती. शिपाईमामांनी स्विच बंद करून चालू केला होता, पुन्हा बंद करून पुन्हा चालू केला होता आणि आता माझ्यासमोर तिसऱ्यांदा करून दाखवायची त्यांची तयारी होती. वायरमन चाचांचं मत वेगळं होतं: "अर्थिंग का लोचा है सर. इधर पूरा काला पत्थर है, अर्थिंग लगताइच नहीं." ज्या काळ्या पत्थराने दोन हजार वर्षं लेणी सांभाळली, त्याच्यावर असा आळ येताना पाहून वाईट वाटलं. विज्ञानाच्या सरांनी उन्हाला दोष दिला. हेडसर म्हणाले, "जेसीबीनं केबल तोडली असंल."

संभाजीनगर-जळगाव रस्त्याचं रुंदीकरण निघाल्यापासून या पट्ट्यात कशाचंही कारण जेसीबी असतं. नळाला पाणी नाही, जेसीबी. फोन लागत नाही, जेसीबी. नवरदेव उशिरा आला, तरी जेसीबीच. खरं सांगायचं तर पुष्कळदा ते बरोबरही निघतं. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं आणि देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं उद्दिष्ट ठरलं. केबल पुरायची रस्त्याच्या कडेने आणि रस्ता रुंद करायचा तोही कडेनेच, त्यामुळे एका खात्याची प्रगती दुसऱ्या खात्याच्या प्रगतीवरूनच जाते. पण इथे केबल तुटली असती तर सगळ्यात आधी पोरांचं क्रिकेट थांबलं असतं आणि बोंब त्यांनीच ठोकली असती.

अशा वेळी आमचं पहिलं हत्यार पिंग. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरने एका संध्याकाळी बसून हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. नाव घेतलं पाणबुड्यांच्या सोनारवरून: आवाज टाकायचा आणि आदळून परत येतो का ते ऐकायचं. त्याच महिन्यात तिकडे फ्लॉरेन्सला युनेस्कोची बैठक भरली आणि अजिंठ्याची लेणी जागतिक वारसा यादीत गेली. एकीकडे कुठल्याही यंत्राला "आहेस का?" असं विचारायची सोय झाली, दुसरीकडे जगाने अजिंठ्याला "आहेस" असं लेखी दिलं. लेणी त्याआधीही होतीच. पण आपल्याकडे हयातीचा दाखला जोडल्याशिवाय पेन्शनसुद्धा मिळत नाही.

शाळेच्या कार्यालयातून पिंग केलं, लागलं. मैदानापलीकडच्या नव्या इमारतीतून केलं, लागलं नाही. संभाजीनगरला फोन करून तिकडून करायला लावलं, तेही नाही. याचा अर्थ कळायला सबनेट मास्क कळावा लागतो. मास्क म्हणजे स्विचची भावकी. २५५.२५५.२५५.० असा मास्क असला की पत्त्याचे पहिले तीन आकडे ज्याच्याशी जुळतात ते सगळे घरचे. त्यांच्याशी थेट बोलायचं. बाकीचे पाहुणे, त्यांच्याशी बोलायचं तर गेटवेमार्फत. आमचा स्विच घरच्यांशी गप्पा मारत होता आणि पाहुण्यांना ओळख दाखवत नव्हता.

लेण्यांचं तरी वेगळं काय झालं? २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर या दरीत आला आणि लेण्यांचा शोध लागला, असं पुस्तकं सांगतात. दरीतल्या भिल्लांना आणि गुराख्यांना हा शोध लागायचा राहिला नव्हता. त्यांचं पिंग पिढ्यान्‌पिढ्या लागत होतं. बाहेरच्या जगाच्या राउटिंग टेबलात, म्हणजे वाटांच्या यादीत, तेवढी ओळ नव्हती. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने महाराष्ट्रातल्या अंधाऱ्या दरीतल्या अशाच एका विहाराचं वर्णन लिहून ठेवलं, पण तो स्वतः इथवर आला नसावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे मार्ग ऐकीव. जुन्या पद्धतीचे राउटर असंच शेजारच्या राउटरने सांगितलेलं खरं मानून आपलं टेबल भरतात, आणि एक शेजारी चुकला की सगळा तालुका चुकतो. स्मिथने मात्र पुरावा ठेवला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात साचलेल्या ढिगाऱ्यावर तो उभा होता, म्हणून आज ते नाव आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. जुन्या स्विचात लॉगिन केलं की पहिल्या इंजिनिअरचं नाव असंच वरच्या ओळीत झळकत असतं. ढिगारा कुणी उपसला, त्याचं नाव कुठेच नसतं.

पिंग लागलं नाही तर कॉम्प्युटर दोन प्रकारची वाक्यं सुनावतो, आणि दोन्ही ऐकून लोक सारखंच तोंड करतात. खरं तर त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" म्हणजे वाटेतच कुणीतरी हात वर केले: पुढची वाट मला माहीत नाही, किंवा तिथे कुणी ओ देत नाही. हा निदान प्रामाणिक नकार आहे. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे निरोपाचं पाकीट गेलं, वाट बघितली, उत्तर आलं नाही. पाकीट जाताना हरवलं, येताना हरवलं की समोरच्याने मुद्दाम तोंड फिरवलं, काही कळायला मार्ग नाही.

हा दुसरा प्रकार अजिंठ्याने एकोणिसाव्या शतकातच भोगला. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी चित्रकार १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता आणि लंडनला पाठवत होता. बहुतेक सगळ्या १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ पुन्हा नकला झाल्या, पुन्हा लंडनला गेल्या आणि त्यातल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. पाठवणाऱ्याने पाठवलं, पोचायचं ते नीट पोचलं, परत मात्र धूर आला. एवढं होऊनही मूळ चित्रं होती तिथेच भिंतीवर होती. पाकीट हरवलं म्हणून यंत्रावर संशय घेऊ नये, हा धडा गिलसाहेबाने स्वखर्चाने घालून दिला आहे.

आमचं पाकीट नेमकं कुठे हरवतं ते बघायला ट्रेसरूट लावला. हा प्रोग्रॅम मोठा निष्ठुर आहे. तो प्रत्येक पाकिटाला मोजून आयुष्य देतो: पहिल्याला एका थांब्याचं, दुसऱ्याला दोन थांब्यांचं, तिसऱ्याला तीन. जिथे आयुष्य संपतं तिथला राउटर "तुमचं पाकीट माझ्या दारात गेलं" असं कळवतो. मेलेल्यांच्या पत्त्यांवरून जित्यांची वाट आखायची. संभाजीनगरहून लालपरीने येणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. हर्सूल, फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, प्रत्येक थांब्यावर कुणाचा तरी प्रवास संपतोच. आमची पाकिटं शाळेच्या राउटरपर्यंत ठणठणीत येत होती. पुढच्या ओळीत नुसत्या तीन चांदण्या.

राउटर, म्हणजे गेटवे, काय करतो ते समजून घ्यायला टी-जंक्शनसारखी जागा महाराष्ट्रात नाही. धुराने चित्रांना अपाय होऊ नये म्हणून खासगी गाड्या लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे इथेच थांबवतात. पुढे महामंडळाची बस. तुम्ही मर्सिडीजने या नाहीतर वडापने या, शेवटचे चार किलोमीटर सगळे एकाच दांड्याला लोंबकळणार. राउटरही पाकिटाची बाहेरची गाडी सोडवतो आणि त्याला आतल्या गाडीत बसवतो. प्रवासी तोच, तिकिटावरचं शेवटचं ठिकाण तेच, फक्त वाहन बदललं. आणि या जागेचा खरा कस लागतो तो परतीला. जाताना माणूस पाण्याची बाटली, टोपी, गाईडचा दर, सतराशे साठ गोष्टी विचारतो. परतीची बस कुठून सुटते, हे विचारत नाही. ते संध्याकाळी, लेणी बंद व्हायच्या वेळेला, सगळ्यांना एकदम आठवतं. पिंगमध्ये निम्मा प्रवास परतीचा असतो हे तर इंजिनिअरांच्याही ध्यानात येत नाही. सगळे जाण्याचीच वाट तपासत बसतात.

मला संशय परतीचाच होता. खात्री करायला स्विचच्या आत शिरायला हवं होतं. कार्यालयातून लॉगिन करावं तर पासवर्ड आधीच्या सरांकडे, आणि सर बदली होऊन कन्नडला. तिथून त्यांनी दिलेले पासवर्ड क्रमाने पत्नी, मुलगी आणि जुनी मोटरसायकल यांच्यावर बेतलेले होते. एकही चालला नाही. राहिला कन्सोलचा मार्ग. स्विचला जन्मतः एक खास भोक असतं, त्यात फिकट निळी चपटी केबल लावली की पासवर्ड नव्याने घालायची सोय होते. ती केबल डब्यासोबत येते आणि डबा उघडला त्याच दिवशी हरवते. भाऊसाहेब म्हणाले, "सिल्लोडला भेटंल." या तालुक्यात न सापडणारी प्रत्येक वस्तू सिल्लोडला भेटते. तेवढ्यात मला कपाटावर जुन्या जनरल रजिस्टरांचा गठ्ठा दिसला, निळ्या चपट्या दोरीने घट्ट बांधलेला. मामा म्हणाले, "ती व्हय? ती नाडी लई चिवट हाये सर, तुटत न्हाई."

नाडी सोडली, रजिस्टरं सुतळीने बांधली आणि मामांच्या नाराजीत काम पुढे सरकलं. नेटवर्कचा नकाशा मागितला, तो नव्हता. अजिंठ्यात राहून नकाशा नसल्याबद्दल कुणाला बोलणार? इथल्या लेण्यांचे क्रमांक पायवाटेने दिलेत, वयाने नाही. सगळ्यात जुन्यांपैकी दोन लेण्यांना नऊ आणि दहा, आणि कितीतरी शतकांनी धाकट्या लेण्याला एक. एकोणतिसावं लेणं विसाव्या आणि एकविसाव्याच्या मधे, वर कड्यात. १९५६ मध्ये दरड कोसळून सोळाव्या लेण्याची वाट बुजली, ती मोकळी करताना ढिगाऱ्यात आणखी एक लेणं निघालं. शाळेत कपाट सरकवल्यावर त्यामागे आणखी एक स्विच निघाला. नकाशात नसलेला, धुळीने माखलेला आणि व्यवस्थित चालू. कुणी लावला, कधी लावला, हे पुरातत्त्व खात्यालाच विचारावं लागेल.

आत शिरल्यावर भानगड उलगडली. स्विचमध्ये गेटवेची ओळ होती, आणि अक्षर न्‌ अक्षर बरोबर होती. पण मधल्या काळात कॅमेऱ्यांचं नेटवर्क कार्यालयाला जोडून देणाऱ्या कुणीतरी या स्विचमध्येच राउटिंग चालू केलं होतं. बऱ्याच स्विचांमध्ये असं केलं की ती जुनी ओळ गुपचूप निकामी होते. स्विच आता स्वतःच राउटर झाला. त्याने वाट आपल्या टेबलात बघायची. टेबलात कार्यालय होतं, कॅमेरे होते. उरलेल्या जगाचा उल्लेख नव्हता. म्हणजे संभाजीनगरचा निरोप त्याला रोज पोचत होता, तो इमानदारीने उत्तरही द्यायला जात होता, आणि ते कुठे टाकायचं हे न कळल्याने दारातच फेकून देत होता. तिकडे साहेब लोक "स्विच मेला" म्हणून कोटेशनं मागवत होते. सगळ्यात वाईट हे की निकामी झालेली ओळ पुसली जात नाही. ती दिसत राहते, त्यामुळे तपासणारा प्रत्येक जण तिच्यावर बोट ठेवून "गेटवे तर बरोबर आहे" असं म्हणतो आणि जेवायला जातो.

उपाय एका ओळीचा. "ज्याची वाट माहीत नाही ते सगळं राउटरकडे" असं स्विचला सांगायचं. स्विचच्या भाषेत त्यासाठी आठ शून्यं लिहावी लागतात, चार पत्त्याची आणि चार मास्कची. आठ शून्यांत सगळं जग मावतं. संभाजीनगरला बसून दुरून अशा ओळी बदलणारे शूरवीरही असतात. एखादी चुकली की संपर्क त्यांचाच तुटतो आणि शंभर किलोमीटर एसटी पदरी पडते. म्हणून त्यांतले शहाणे आधी स्विचला दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट व्हायला बजावून ठेवतात. जमलं तर बेत रद्द करायचा, फसलं तर जुनं ते परत. मी जागेवरच होतो. ओळ लिहिली, आणि विसरण्याआधी ती सेव्ह केली. नाहीतर लाईट गेली की स्विच सगळं विसरतो, आणि इथे लाईट जाणं गृहीतच धरावं लागतं.

संभाजीनगरहून फोन आला, "लागला!" कार्यालयात कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पोरांचं क्रिकेट आधीही चालू होतं, आताही चालू होतं. न दिसणारा दोष दुरुस्त झालेलाही दिसत नाही, ही आमच्या धंद्याची पत्रिका आहे. हेडसरांनी एवढंच विचारलं, "मग आता प्रिंटरचं बी बघून घेता का?"

बिलाची वेळ आली तेव्हा भाऊसाहेबांनी चष्मा लावला. "माल काय दिला?"

"माल नाही. एक लाइन टाकली."

"किती मीटर?"

समजावून सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि खरी अडचण मांडली. दुरुस्तीचं बिल पास व्हायचं तर काढलेला जुना भाग डेडस्टॉकला जमा दाखवावा लागतो. ऑडिटवाले आधी तेच बघतात. आता निकामी गेटवेची ओळ मी पुसून टाकली होती, तेव्हा काढलेला भाग म्हणायचा तर तोच. मी ती ओळ कागदावर छापली. अर्थातच ती शेजारच्या वर्गात निघाली. मामांनी जाऊन आणली. भाऊसाहेबांनी कागदावर शाळेचा शिक्का मारला, डेडस्टॉक रजिस्टरात मोडक्या खुर्चीच्या आणि फुटक्या घंटेच्या खाली अनुक्रमांक दिला आणि शेवटच्या रकान्याशी थांबले.

"स्थिती काय लिहू? चालू का नादुरुस्त?"

"तशी चालूच होती. वरून नवा हुकूम आल्यापासून तिला कुणी विचारत नव्हतं, एवढंच."

भाऊसाहेबांनी हेडसरांच्या केबिनकडे एकदा बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "सेवाज्येष्ठ."